मावशींची खोली आणि वहीचे पान



गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील मावशी गेल्या. सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि पुढे तीन वर्षांत माणूसही गेला. पोटी मूल नव्हते. धाकट्या बहिणीची मुलगी मावशींनी आपल्याजवळ आणली, तिला शिकवले, परिचारिका केले आणि तिचे लग्नही स्वतःच लावून दिले. म्हाडाची खोली त्यांनी स्वतःच्या पगारातून हप्ते भरून घेतली होती. शेवटची दोन वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचे सारे करणारी ही भाचीच होती. हे आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

जलदान विधीला गावाहून यजमानांचे पुतणे आले. मावशींच्या आजारपणात त्यांचे पाऊल कधी या खोलीला लागले नव्हते. त्रिसरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी पुण्यानुमोदनाचे चार शब्द सांगितले, चहाचे कप फिरले आणि थोरल्या पुतण्याने विषय काढला, "काकींच्या खोलीचे कागद कुणाकडे आहेत?"

भाचीने मावशींची लोखंडी पेटी उघडून वहीचे एक पान बाहेर काढले. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या गोल अक्षरात लिहिले होते की माझ्या मागे माझी खोली मुलीसारख्या भाचीला द्यावी, यात कोणी आडवे येऊ नये. खाली सही आणि तारीख. बस्स. वाचताना माझे डोळे भरून आले. पण तिथे बसलेले एक गृहस्थ कोर्टात कारकुनी केलेले होते. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिले आणि हळूच विचारले, "यावर साक्षीदारांच्या सह्या कुठे आहेत?"

सह्या नव्हत्या. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ सांगते की मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार हवेत. लिहिणाऱ्याने त्यांच्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, अथवा ही सही माझीच असे त्यांना सांगायचे, आणि त्यांनी लिहिणाऱ्यासमोर आपल्या सह्या करायच्या. हे नसेल तर तो कागद कितीही खऱ्या मनाने लिहिलेला असो, कायद्याच्या लेखी मृत्युपत्र नव्हे. म्हणजे मावशी मृत्युपत्र न करताच वारल्या असे धरायचे.

मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता कोणाकडे जाते, याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. आपण बौद्ध झालो म्हणून वारसाहक्काचा कायदा वेगळा झाला असे काही जणांना वाटते. तसे नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्यात पुरुष गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, यांना सारखा वाटा मिळतो. "सगळे बायकोचे" ही समजूत चुकीची आणि "सगळे मुलाचे" हीदेखील चुकीची. स्त्री गेली तर कलम १५ लागते. प्रथम तिची मुले आणि पती. ते कोणी नसतील तर दुसऱ्या क्रमांकाला पतीचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. भाचीचा क्रमांक तर फारच मागे.

म्हणजे मावशींनी रात्रपाळ्या करून घेतलेली खोली कायद्याने दिरांच्या मुलांकडे जाते. कितीही अन्यायाचे वाटो, कलम तसे आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत पती वारला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली, तिने स्वतः कमावले आणि मृत्युपत्र न करता ती वारली. तिची कमाई पतीच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. न्यायालयाने म्हटले की सहानुभूती बाजूला ठेवून कायदा जसा आहे तसाच वाचावा लागेल. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व स्त्रियांना, विशेषतः ज्यांना मूल नाही, पती नाही अशांना, लवकरात लवकर मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. आपल्या समाजात अशा किती उपासिका आहेत, त्या वाचकांनीच आपापल्या चाळीत आठवून पाहाव्यात.

सोसायटीत भाचीचे नाव नॉमिनी म्हणून होते, मग अडचण काय, असे त्या दिवशी चार जणांनी विचारले. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी किंवा बँक कोणाच्या हाती देऊन मोकळी होणार, एवढेच त्या नावाने ठरते. घेणाऱ्याने ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असते. नॉमिनेशन जरूर करावे, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

त्या रात्री आमच्या घरी जेवणे झाली नाहीत. मी ह्यांना म्हटले, "आपला कागद कुठे आहे?" हे म्हणाले, "आपल्याला कशाला? आपण काय शेटजी आहोत? वकील, सॉलिसिटर ही श्रीमंतांची कामे."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे, आणि ते कुठून आले तेही मला ठाऊक आहे. मुंबईत सॉलिसिटर म्हटले की फोर्टातली दगडी इमारत, पितळी पाटी आणि दारावरचा शिपाई डोळ्यांपुढे येतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या इमारतीत पाऊल टाकले असेल तर ते झाडायला. खुद्द बाबासाहेब बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईत वकिली करू लागले, तेव्हा सॉलिसिटर त्यांना काम देत नसत. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. सॉलिसिटर मध्ये असायचा, आणि अस्पृश्य बॅरिस्टरशी त्याला संबंध नको होता. त्यामुळे बाबासाहेबांना अपिलांची आणि खालच्या कोर्टांची कामे पाहावी लागली. परळच्या दामोदर हॉलजवळच्या कचेरीत त्यांच्याकडे येत ते गरीब लोक. ती दुहेरी पद्धत १९७७ पासून गेली. आता सॉलिसिटर म्हणजे वेगळी परीक्षा दिलेला वकीलच, आणि मृत्युपत्र करायला तोच हवा असेही नाही. तालुक्याच्या कोर्टातला दिवाणी कामाचा जाणकार वकील पुरतो. आज प्रत्येक कोर्टात आपली मुले-मुली काळा कोट घालून उभी आहेत. मनातली पितळी पाटी मात्र अजून काढली गेलेली नाही.

खरे सांगायचे तर मृत्युपत्राला वकील हवाच असे कायदा म्हणत नाही. साध्या कागदावर, आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहिलेले आणि दोन साक्षीदारांनी सही केलेले मृत्युपत्र पूर्ण कायदेशीर असते. स्टँप पेपरही लागत नाही. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. तरी लोक पाचशेचा स्टँप पेपर आणून जपून ठेवतात आणि त्यामुळे कागद पक्का झाला असे समजतात. मग वकील कशासाठी? याचे उत्तर मला त्यांच्या कचेरीत मिळाले, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगते.

आम्ही समाजातल्याच एका वकील भगिनीकडे गेलो. बरोबर आमचा मुलगा होता. त्यानेच वेळ ठरवून टॅक्सी केली होती. जयभीम झाला, पाणी आले आणि वकीलबाई त्याला म्हणाल्या, "दादा, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" तो चपापला. मलाही ते बरे वाटले नाही. नंतर त्यांनी खुलासा केला. ज्याला मिळायचे आहे तोच वकील आणतो, तोच कागद लिहून घेतो, तोच आईबापांना हाताला धरून सही करायला नेतो, असे दिसले की पुढे कोर्टात पहिला संशय तिथेच येतो. म्हातारा माणूस, आजारी माणूस आणि सगळे एकालाच, अशा वेळी तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. मुलाच्या भल्यासाठीच मुलगा बाहेर बसलेला बरा.

मग प्रश्न सुरू झाले. आम्हाला वाटले होते पंधरा मिनिटांत आटपेल. दीड तास लागला.

पहिला प्रश्न नावांचा. ह्यांचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेल्वेच्या नोकरीत दुसरे, सातबाऱ्यावर आजोबांनी ठेवलेले "दगडू", आणि धम्मदीक्षेनंतर बदललेले आडनाव आधार कार्डावर. जन्मतारीख अर्थातच १ जून! आपल्या पिढीतले निम्मे लोक हेडमास्तरांच्या कृपेने १ जूनला जन्मले आहेत. वकीलबाई हसल्या, पण त्यांनी सर्व नावे "ऊर्फ" लावून एका ओळीत लिहून घेतली आणि सर्व दाखल्यांच्या झेरॉक्स मागितल्या. सातबाऱ्यावरचा दगडू आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावरचे गृहस्थ एकच, हे सांगायला उद्या आपण नसणार. जो समाज नाव बदलून उभा राहिला त्याला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक पडतो, आणि छापील नमुन्याच्या पुस्तकात त्याला जागा नसते.

दुसरा प्रश्न, काय काय आहे आणि त्यातले तुमचे किती? खोली आम्हा दोघांच्या नावावर. म्हणजे ह्यांनी पूर्ण खोलीचे मृत्युपत्र करून चालणार नाही. त्यांनी त्यांच्या हिश्श्याचे करायचे, मी माझ्या. दोन माणसांची दोन मृत्युपत्रे. हे आम्हाला माहीतच नव्हते. ह्यांच्या मागे मिळणारी कुटुंब पेन्शन मृत्युपत्रात लिहिता येत नाही. ती नियमाने ज्याला मिळायची त्यालाच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका रेल्वे कर्मचाऱ्याच्याच प्रकरणात सांगितले आहे. भाड्याच्या खोलीचे तर वेगळेच. पागडीची खोली किंवा चाळीतली भाडेकरूची जागा आपण मनात येईल त्याला मृत्युपत्राने देऊ शकत नाही. तिथे बरोबर राहणारे कुटुंबीय आणि वारस यांचाच विचार होतो. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या घरांवरही हस्तांतरणाची बंधने असतात. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत जन्म गेलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. घर मोठे झाले की भांडणही मोठे होते. ज्यांना किल्ली मिळाली त्यांनी ताब्याचे कागद घेऊन एकदा वकिलाकडे जाऊन यावे.

आमच्या गावच्या जमिनीपाशी वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. ती वतनी जमीन. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी नव्या अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. सरकारी परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर होत नाही. शिवाय ती आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, सहा जणांची नावे लागायची राहिलेली. "काका, यातला तुमचा जो काही हिस्सा निघेल तो, एवढेच लिहू. अमुक बांध ते तमुक बांध असे लिहू नका. आणि आधी वारस नोंदी करून घ्या." ह्यांनी घरी लिहिलेल्या कच्च्या कागदावर नेमके बांधच लिहिले होते.

मग तो प्रश्न आला. "कोणाला काय द्यायचे?"

हे म्हणाले, "मी गेल्यावर सगळे हिला. हिच्या मागे मुलाला."

वकीलबाईंनी विचारले, "काकूंना पूर्ण मालकी द्यायची, की हयातभर राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. फरक असा, की मालकी दिली तर पुढे कोणाला द्यायचे ते मी ठरवणार, "हिच्या मागे मुलाला" या शब्दांना जोर राहणार नाही. उपभोगाचा हक्क दिला तर मी विकू शकणार नाही, आजारपणात पैसे उभे करायचे म्हटले तरी हात बांधलेले. आपल्याकडे घरोघरी "आधी पत्नीला, मग मुलाला" असे सरळ लिहितात, आणि त्या एका वाक्याचा अर्थ लावता लावता कोर्टात वर्षे जातात. वकिलाची फी खरी या एका प्रश्नाची असते असे माझे मत झाले आहे.

यानंतर त्या म्हणाल्या, "मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे. दिल्या घरी सुखी आहे. तिच्या लग्नात आम्ही काही कमी केले नाही."

"तुमचा हिस्सा तुम्ही कोणालाही देऊ शकता, काका. मुलीला वगळले तरी कायद्याने चालते. पण वगळायचे तर कारण लिहिलेले बरे, म्हणजे विसरून राहिले असे कोणी म्हणणार नाही. सांगा, मी लिहून घेते."

हे बोलू लागले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. टेबलावर पंख्याने कागद उडत होते. ज्या भिंतीकडे आमची तोंडे होती तिथे बाबासाहेबांची तसबीर होती. ज्यांनी १९५१ साली हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्या बिलात मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा देण्याची गोष्ट होती, हे आम्ही दोघांनी किती सभांतून ऐकले आणि मी स्वतः किती सभांतून सांगितले आहे! आणि घरचा कागद करायची वेळ आली तेव्हा मीसुद्धा गप्प बसले होते. चूक एकट्या ह्यांची नव्हे. शेवटी हे म्हणाले, "कारण काही नाही. दोघांना सारखे लिहा." मुलाला सांगताना मला धाकधूक होती. तो टॅक्सीत काही बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "ताईला मीच फोन करून सांगतो." त्याच्या मनात काय होते ते मी विचारले नाही.

सर्वांच्या घरी इतके सोपे नसते हे मी जाणते. वकीलबाईंनी सांगितले की लोक सगळ्यात जास्त लपवतात ते दुसरे घर. पहिली पत्नी हयात असताना दुसरी केली असेल तर ते लग्न कायद्याने लग्नच नव्हे, तिला पत्नी म्हणून वारसा नाही. तिच्या मुलांना मात्र बापाच्या मिळकतीत वारसा आहे. ज्या बाईने वीस वर्षे भाकरी करून घातली तिच्यासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्रात नाव घेऊन लिहावे लागते. डॉक्टरपासून आणि वकिलापासून लपवू नये असे म्हणतात, ते यासाठीच. आंतरधर्मीय विवाह असेल, नोंदणी विवाह असेल, दत्तक असेल, व्यसनी मुलगा असेल, मतिमंद मूल असेल, सर्व सांगावे. बाहेर बोलायचे नाही हा वकिलाचा धर्म आहे.

दानाविषयीही एक गोष्ट कळली. ह्यांना गावच्या विहाराला थोडी रक्कम द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "कोणते विहार? ट्रस्टचे नाव काय? नोंदणी क्रमांक?" आमच्या गावात दोन समित्या आहेत आणि दोघींचा विहारावर हक्क आहे. (तो वाद या पानावर नको.) शेवटी रक्कम गावच्या शाळेतील मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी, आणि ती खर्च करण्याचे काम व्यवस्थापकाकडे, असे लिहिले. व्यवस्थापक म्हणजे इंग्रजीत ज्याला एक्झिक्युटर म्हणतात तो. मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा माणूस. आम्ही मुलगा आणि मुलगी दोघांनाही नेमले.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा, देहदान करावे, तेराव्याचे काही करू नये, असे पुष्कळ जण मृत्युपत्रात लिहितात. पण मृत्युपत्र उघडले जाते कधी? जलदान विधी उरकल्यावर! तोपर्यंत मामांनी नारळ फोडलेला असतो. अशा इच्छा वेगळ्या कागदावर लिहून घरच्यांना हयातीतच सांगाव्यात.

मसुदा आठ दिवसांनी आला, मराठीत. आम्ही तसे आधीच सांगितले होते. जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तीत लिहिलेल्या मृत्युपत्रावर सही करू नये. करावीच लागली तर वाचून, समजावून सांगितल्याची नोंद त्यावर हवी. निरक्षर माणसाचा अंगठा चालतो, पण तिथे ही नोंद फारच महत्त्वाची. मसुद्यात दोन चुका निघाल्या. एक आमची, एक त्यांची. दुरुस्ती होऊन अखेर सह्यांचा दिवस ठरला. साक्षीदार म्हणून आमचे नेहमीचे डॉक्टर आणि शेजारची एक शिक्षिका. दोघेही आमच्याहून खूप लहान. वयाने बरोबरीचा साक्षीदार आपल्याआधीच गेला तर कोर्टात कोण येणार? ज्याला मृत्युपत्राने काही मिळायचे आहे त्याला साक्षीला घेऊ नये, विनाकारण बोट दाखवायला जागा होते. डॉक्टरांनी प्रकृती व शुद्धीविषयी दाखलाही दिला. प्रत्येक पानावर सही, सर्व जण एकाच खोलीत, एकाच वेळी.

नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी न केलेले मृत्युपत्र तेवढेच कायदेशीर. आम्ही मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन केली, कारण कागद हरवला तरी नोंद राहते. मुंबईपुरती एक जुनी अट होती, की प्रोबेट म्हणजे कोर्टाचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय मृत्युपत्रावरून कोर्टात हक्क सांगता येत नसे. ते कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने काढून टाकले. सक्ती गेली, याचा अर्थ मृत्युपत्र सिद्ध करावे लागणार नाही असा नव्हे. वाद झाला तर साक्षीदार लागतीलच. तुमच्या प्रकरणात प्रोबेट घेणे हिताचे आहे का, हे वकिलाला विचारा.

फीबद्दल संकोच करू नये. पहिल्याच भेटीत विचारावे की एकूण किती, त्यात मसुदा, दुरुस्त्या आणि नोंदणीची धावपळ येते का, आणि पावती घ्यावी. मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याला नमस्कार करून उठावे. कोर्टाच्या दारात "मृत्युपत्र पाचशेत" म्हणणारा दलाल मावशींच्या वहीच्या पानापेक्षा फार बरा कागद देत नाही. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न किती हे न पाहता, मोफत कायदेशीर सल्ला मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या बौद्ध बांधवांना हा हक्क आहे. तालुक्याला त्याची समिती असते. हे कोणाचे उपकार नाहीत.

मावशींच्या खोलीचे पुढे काय झाले असे अनेकांनी विचारले आहे. धाकटा पुतण्या भला निघाला. आपला हिस्सा सोडायला तो तयार आहे. थोरला तयार नाही. भाची अजून तिथेच राहते, सोसायटीचा मेंटेनन्स तीच भरते, आणि वकिलाच्या तारखांना रात्रपाळी करून जाते. वहीचे पान तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहे.

आमच्या दोन्ही मृत्युपत्रांच्या मूळ प्रती कपाटाच्या वरच्या खणात आहेत, आणि किल्ली कुठे असते ते मुलाला व मुलीला दोघांनाही सांगितले आहे. वतनी जमिनीच्या वारस नोंदीविषयी बरेच लिहिण्यासारखे आहे, ते पुढील अंकात.

जयभीम.